रॉकेट चढते आभाळात, उतरते वावरात

वलगाव : रॉकेट म्हटले की माणूस मान वर करतो. दिवाळीत बाटलीत काडी उभी करून सोडलेले असो की टीव्हीवर दिसणारे श्रीहरिकोट्याचे असो, ते वर गेले की टाळ्या वाजतात आणि विषय संपतो. खाली काय आले, कुठे आले, याची चौकशी कोणी करत नाही. ज्याच्या वावरात ते पडणार त्या कास्तकाराला मात्र हाच प्रश्न आधी पडतो : "बापा, वर गेलं ते ठीक हाय, पण पडन कुठं?"

या प्रश्नाला कोणी अडाणी म्हणू नये. छंदासाठी मोठी रॉकेट उडवणारे जगभरातले लोक आपला निम्म्याहून अधिक वेळ याच एका प्रश्नावर घालवतात. वर नेण्याचे काम मोटर करते आणि ती तयार मिळते. खाली धड आणण्याचे काम उडवणाऱ्याच्या हातचे असते.

आज हे लिहिण्याचे कारण असे, की ही गोष्ट आता परदेशातल्या हौशी लोकांपुरती राहिलेली नाही. १४ जून २०२५ रोजी उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात, तमकुहीराज भागात, खेड्याच्या शिवारातून सुमारे १५ किलो वजनाचे एक रॉकेट सोडण्यात आले. ते सुमारे १.१ किलोमीटर वर गेले आणि छत्रीने खाली आले. कुशीनगर म्हणजे भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचे ठिकाण. बाकी सारा मुलूख ऊस आणि धानाचा. तिथे ही चाचणी झाली ती कॉलेजच्या पोरांच्या स्पर्धेची तयारी म्हणून. इन-स्पेस या केंद्र सरकारच्या संस्थेने इस्रोच्या साथीने ही स्पर्धा भरवली आणि ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस देशभरातल्या विद्यार्थ्यांनी आपापली रॉकेट त्याच भागातून उडवली.

म्हणजे उद्या अमरावती-बडनेऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरे परतवाडा रोडने वलगावात येऊन एखाद्या धुऱ्यावर उभी राहिली आणि "काका, एक दिवस वावर द्या नं, रॉकेट सोडाचं हाय" म्हणाली, तर त्यात नवल नाही. तेव्हा काकांनी काय विचारावे आणि पोरांनी काय तयारी करून यावे, ते दोघांनाही आधी ठाऊक असलेले बरे.

एक खुलासा करून पुढे जाऊ. हे पाऊस पाडायचे रॉकेट नव्हे. २०१५ च्या दुष्काळात नाशिक जिल्ह्यातल्या येवला तालुक्यात रॉकेट सोडून ढगातून पाऊस काढायचा प्रयोग झाला होता, तो प्रकार वेगळा. इथे ढग असले तर रॉकेट सोडतच नाहीत. जे डोळ्याला दिसणार नाही ते उडवायचे नाही, हा पहिला नियम आहे.

जोड्यांच्या दुकानातून सुरुवात

या छंदाची सुरुवातही शेतीच्याच मुलखात झाली. अमेरिकेतल्या नेब्रास्का या मक्याच्या राज्यात नॉरफोक नावाचे गाव आहे. तिथे ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा माणूस जोड्यांचे दुकान चालवायचा. त्या काळी तिकडची पोरे घरीच दारू कुटून लोखंडी नळीत भरत आणि बोटे, डोळे गमावून बसत. कार्लाइलने १९५४ मध्ये कागदी नळी, हलके पंख आणि कारखान्यातून तयार आलेली, एकदा वापरून बदलायची मोटर असे रॉकेट केले. जी. हॅरी स्टाइन या लेखक-अभियंत्याने ते पुढे नेले आणि १९५७ मध्ये तिकडच्या छंदी लोकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मूळ सूत्र तेव्हापासून बदललेले नाही : बारूद स्वतः करायची नाही आणि नळी लोखंडाची घ्यायची नाही.

मोटरच्या ताकदीला इंग्रजी अक्षरे दिलेली आहेत. 'ए' पासून सुरू करून प्रत्येक पुढच्या अक्षराला ताकद दुप्पट धरतात. 'जी' पर्यंत पोरांचा खेळ. 'एच' पासून पुढे मोठ्या ताकदीची रॉकेट, आणि ती उडवायला संघटनेची परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा ऐकण्यासारखी आहे. रॉकेट बांधून परीक्षकासमोर उडवायचे. ते किती उंच गेले याला मार्क नाहीत. खाली आल्यावर तपासतात, आणि आहे त्या स्थितीत पुन्हा उडवता येईल असे असेल तरच उमेदवार पास. पंख तुटला, नळी चेपली, की नापास. आपल्याकडच्या किती परीक्षांत माल परत धड आला की नाही हे पाहतात, ते वाचकांनी आपल्या मनाशी ठरवावे.

त्यांची उड्डाणे होतात तीही बहुतेक शेतातच. कॅन्सस राज्यात आर्गोनिया गावाजवळच्या कुरणात देशभरचे लोक जमतात. मेरीलँड राज्यात पीक निघाल्यावर रिकाम्या वावरात उड्डाणे होतात. शेतमालक राजी नसला तर ही सारी विद्या घरी बसून राहते.

एक छत्री की दोन?

आता मुद्द्याची गोष्ट. समजा रॉकेट हजार मीटर वर गेले. शिखरावर पोचायला त्याला पंधराएक सेकंद लागतात. अमरावतीहून चिखलदऱ्याला जाताना आपण घाटात जेवढे चढतो त्याहूनही ही उंची जास्त आहे. तिथे पोचून रॉकेट क्षणभर थबकते. मग छत्री उघडली नाही तर टोक खाली करून भाल्यासारखे येते आणि जमिनीवर आदळते तेव्हा त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जाऊ शकतो. पाच किलोचा असा भाला काळ्या जमिनीत हातभर रुतेल. गोठ्याच्या टिनावर आला तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून छत्री हवीच. पण मोठी छत्री शिखरावरच उघडली तर दुसरी आफत. हिशेब करून पाहू. मोठ्या छत्रीखाली रॉकेट सेकंदाला सहा मीटर या गतीने उतरते. ही गती म्हणजे सहा फुटांवरून वस्तू सोडली तर जमिनीला टेकताना असते तेवढी, रॉकेटला सोसते. पण हजार मीटर उतरायला पावणेतीन मिनिटे लागतात. वारा ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पाच मीटर असला, तरी तेवढ्या वेळात रॉकेट आठशे मीटरहून जास्त वाहत जाते. एक एकराचे चौरस वावर धरले तर त्याची बाजू त्रेसष्ट-चौसष्ट मीटर भरते. म्हणजे तेरा एकरी वावरे ओलांडून ते पुढे गेले. पेढी नदीच्या एका काठावर सोडले तर दुसऱ्या काठावर शोधायला जावे लागेल. मधे कोणाची विहीर, कोणाची संत्र्याची बाग, कोणाची विजेची लाइन.

त्यावर काढलेला तोडगा म्हणजे दोन छत्र्या. शिखरावर आधी धाकटी छत्री उघडते. ती दीड-दोन फुटांची, रुमालाएवढी. तिचे काम रॉकेटला सावरून धरण्याचे : भाला होऊ द्यायचा नाही, पण फार रेंगाळूही द्यायचे नाही. तिच्याखाली रॉकेट सेकंदाला पंचवीसेक मीटरने, म्हणजे हायवेवरच्या एसटीच्या गतीने, खाली येते. जमिनीपासून दोनशे मीटर उरले की थोरली छत्री उघडते आणि शेवटचा प्रवास सावकाश होतो. आता हिशेब पुन्हा करा. वरचे आठशे मीटर बत्तीस सेकंदांत, खालचे दोनशे मीटर तेहतीस सेकंदांत, एकूण पासष्ट. त्याच वाऱ्यात वाहणे सव्वातीनशे मीटर. आठशेचे सव्वातीनशे झाले, तेरा वावरांची पाच झाली. कास्तकाराच्या दृष्टीने या विद्येचे सारे मोल या फरकात आहे.

इस्रोचे मोठे लोकही हेच करतात, फक्त माप मोठे. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयानाची पहिली चाचणी श्रीहरिकोट्याहून झाली. माणसे बसवायची ती कुपी रिकामीच वर नेऊन समुद्रात उतरवली. तिच्यात दहा छत्र्या होत्या. आधी झाकण काढणाऱ्या दोन, मग गती मोडून कुपीला स्थिर करणाऱ्या दोन, मग तीन लहान छत्र्यांनी ओढून काढलेल्या तीन थोरल्या. त्या तीनपैकी दोन उघडल्या तरी भागते, तिसरी भरवशाची. आग्र्याच्या संरक्षण प्रयोगशाळेचा या छत्र्यांत मोठा हात आहे. कॉलेजच्या पोरांच्या दोन छत्र्या ही त्याच घराण्यातली.

कान बंद होतात तसे

छत्री कधी उघडायची हे रॉकेटला कोण सांगते? आत आगपेटीएवढे एक यंत्र असते, अल्टीमीटर. चिखलदऱ्याचा घाट चढताना आपले कान बंद होतात, कारण वर हवेचा दाब कमी होत जातो. हे यंत्रही कानासारखेच काम करते. जमिनीजवळ साधारण साडेआठ-नऊ मीटर चढले की दाब एक मिलिबारने उतरतो. यंत्र सेकंदाला कितीतरी वेळा दाब मोजते. दाब उतरत आहे तोवर रॉकेट चढत आहे. दाब उतरायचा थांबून वाढू लागला, म्हणजे शिखर गेले. लगेच पहिल्या तारेत वीज सोडायची. पुढे ठरवलेल्या उंचीचा दाब आला की दुसऱ्या तारेत. तारेच्या टोकाला काडीच्या गुलाएवढी पेटणारी वस्तू आणि तिच्याभोवती ग्रॅम-दोन ग्रॅम काळी बारूद. ती पेटली की आत वायू कोंडतो, नळीचे दोन भाग सुटतात आणि छत्री बाहेर ढकलली जाते.

ऐकायला सोपे वाटते. बिघडते ते बारीक गोष्टींत.

यंत्र ज्या कप्प्यात असते त्याला बाहेरची हवा कळली पाहिजे, म्हणून नळीला बारीक भोके पाडतात. एकच भोक असले तर एका बाजूचा वारा यंत्राला चकवतो, म्हणून तीन-चार भोके सारख्या अंतरावर घेतात आणि कडा घासून गुळगुळीत करतात. भोके फार बारीक झाली तर दाब उशिरा कळतो. काही यंत्रांच्या दाबमापकावर थेट ऊन पडले तरी ती चुकीचा आकडा दाखवतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. त्या उन्हात काळी नळी तासभर टाकून ठेवली तर बॅटरी, चिकटपट्टी, सारेच कुरकुर करते. म्हणून तयारी सावलीत करायची. लिंबाचे झाड उत्तम.

जाणते लोक यंत्रे दोन ठेवतात. दोघांची बॅटरी वेगळी, तारा वेगळ्या, बारूद वेगळी. एकाने काम केले नाही तर सेकंद-दोन सेकंदांनी दुसरे करते. दोन यंत्रे आणि बॅटरी एकच असला प्रकार म्हणजे दोन मोटारी लावून स्टार्टर एकच ठेवल्यासारखा.

आणि बसवताना उलटसुलट पाहायचे. हे सांगायला हसू येते, पण अमेरिकेच्या नासाने सूर्याकडून येणारे कण गोळा करायला पाठवलेले जेनेसिस यान ८ सप्टेंबर २००४ रोजी परत आले तेव्हा त्याची छत्री उघडलीच नाही आणि ते युटाच्या वाळवंटात ताशी तीनशे किलोमीटरवर गतीने आदळले. कारण निघाले एवढेच, की गती कळणारे बारीक यंत्र आराखड्यातच उलटे दाखवले होते आणि तसेच बसले. तीन वर्षांच्या प्रवासाचा शेवट असा झाला. सुदैवाने काही नमुने वाचले.

घडी कशी घालायची

छत्रीची घडी हा सगळ्यात वेळ खाणारा भाग. इथे घाई करणारा माणूस रॉकेट गमावतो. छत्रीचे कापड पाटल्या धरून, लुगड्याच्या निऱ्या घालतात तसे एकावर एक आणायचे, दोऱ्या सरळ करून मधे ठेवायच्या, आणि सैल गुंडाळायचे. आवळून बांधले तर उघडत नाही. दोऱ्या कापडाला वेढल्या तर अर्धवट उघडते. मग न जळणाऱ्या कापडाचा एक तुकडा तिच्या आणि बारुदीच्या मधे ठेवायचा, नाहीतर नायलॉनला भोके पडतात. नळीत घातल्यावर छत्री आपल्या वजनाने सरकली पाहिजे. ठोसून भरावी लागली तर ती चुकली.

रॉकेटचे दोन तुकडे आणि छत्री यांना जोडून ठेवणारा पट्टा हा दुसरा जीव. बैल उधळला की कासरा एका हिसक्यात तुटतो. इथेही हिसका तसाच. म्हणून पट्टा मजबूत तर हवाच, पण लांबही हवा, रॉकेटच्या लांबीच्या तीन-चार पट. तुकडे एकमेकांपासून दूर जाता जाता त्यांची गती मरते आणि हिसका कमी बसतो. आखूड पट्टा ठेवणारे लोक दोर जाड करत बसतात आणि तरी नळी फाडून घेतात.

आणि आता ती जागा, जिथे दोन छत्र्यांची विद्या शिकणारे सगळ्यात जास्त फसतात. थोरली छत्री रॉकेटच्या टोकाकडे, धाकटी मागच्या भागात. शिखरावर मागचा भाग सुटतो तेव्हा हिसका बसतो, आणि त्या हिसक्याने टोकही निघून आले तर थोरली छत्री हजार मीटरवरच बाहेर! मग झाले, ती तेरा वावरे. हे होऊ नये म्हणून टोक आणि नळी यांच्यात नायलॉनच्या दोन-तीन बारीक खिळ्या घालतात. हिसक्याने त्या तुटत नाहीत, बारुदीच्या दाबाने तुटतात. रोटाव्हेटरला शिअर बोल्ट असतो हे ट्रॅक्टरवाल्याला सांगावे लागत नाही; वेळ आली की तो तुटतो आणि गिअर वाचतो. तीच युक्ती.

बारूद किती घालायची ते कागदावर काढता येते, पण कागदावर विश्वास ठेवून कोणी उडवत नाही. आदल्या दिवशी जमिनीवर चाचणी घ्यायची. रॉकेट आडवे ठेवायचे, छत्री, पट्टा, खिळ्या सारे उड्डाणात असते तसेच भरायचे, मोटर घालायची नाही. लांब तारेने, दूर बाजूला उभे राहून पेटवायचे. टोकासमोर नाही आणि मागेही नाही. तुकडे पूर्ण सुटून छत्री बाहेर पडली तर पास. नुसतेच फुस्स होऊन टोक जागेवर राहिले तर बारूद कमी. पट्टा तटतटून टोक माघारी येऊन आपटले तर जास्त. पोरे वावर मागायला आली की काकांनी पहिला प्रश्न हाच करावा : "जमिनीवर फोडून पायलं का?" उत्तराला उशीर झाला तर त्यांना चहा पाजून परत पाठवावे.

तोल हाही एक विषय. बंडी मागे उलार झाली की धुरे वर उचलतात आणि बैलाच्या मानेला फास बसतो. रॉकेटचेही तसेच. वजन मागे गेले तर ते सरळ जात नाही, गरगरते. वजनाचा मध्य हा हवेच्या दाबाच्या मध्यापेक्षा निदान नळीच्या एका जाडीइतका पुढे असावा, असा ठोकताळा आहे. छत्र्या, बॅटऱ्या, मोटर सारे भरून मग तोल पाहायचा. रिकाम्या नळीचा तोल काही उपयोगाचा नाही. आणि मोटरचा जोर रॉकेटच्या वजनाच्या पाचपट तरी असावा, नाहीतर ते रुळावरून निघता निघताच वाऱ्याकडे मान वळवते.

वावर कोणते, दिवस कोणता

आपल्या भागात याला योग्य काळ म्हणजे हरभरा निघाल्यावरचा, फेब्रुवारी-मार्चचा. सकाळी आठ-नऊपर्यंत वारा पडलेला असतो. पावसाळ्यात काळ्या जमिनीत पाय रुततो आणि सोयाबीनमध्ये कोणाला शिरू देणे शक्य नाही. हिवाळ्यात तूर-कपाशी उभी असते; वेचणीच्या बाया वावरात असताना वरून काही उतरवायचे नाही, हे बोलायचीही गरज नसावी. मे महिन्यात जमीन रिकामी, पण दुपारी वावटळी उठतात. उतरती छत्री वावटळीत सापडली तर सारा हिशेब बाजूला राहतो. ताशी बत्तीस किलोमीटरच्या वर वारा असेल तर अमेरिकेतही उडवत नाहीत. आपण त्याच्या निम्म्यावरच थांबलेले बरे, कारण तिकडची कुरणे मैल-मैल पसरलेली आणि आपली वावरे धुऱ्याला धुरा लागून.

सगळ्यात मोठी भीती आगीची. मोटर पेटते तेव्हा मागे झोत निघतो. वाळलेली पऱ्हाटी, तुराट्या, कुटाराच्या गंज्या आणि मार्चचे गवत, ठिणगीला आणखी काय हवे? रुळाभोवतीची जागा वखरून मोकळी केलेली हवी, झोत अडवायला खाली पत्रा हवा, आणि भरलेला फवारणी पंप पाठीवर घेऊन दोन माणसे उभी असावीत. ऐनवेळी पंप शोधणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खोदणे.

त्यानंतर विहिरी. कठडा नसलेल्या विहिरी आपल्याकडे कमी नाहीत, आणि आभाळाकडे पाहत धावणारे पोर खाली पाहत नाही. विजेच्या तारेवर छत्री अडकली तर ती काढायला काठी लावायची नाही, वीज कंपनीला कळवायचे. रॉकेट गेले म्हणायचे आणि घरी जायचे.

कायदा नागपुरात बसलेला आहे

मोटरमधले इंधन साधारण पेन्सिल खोडायच्या रबरासारखे दिसते : अमोनियम परक्लोरेट, अल्युमिनियमची भुकटी आणि त्यांना धरून ठेवणारे रबर. याच कुळातले घन इंधन भारतात करून दाखवणाऱ्यांत डॉ. वसंत गोवारीकर आघाडीवर होते. आपल्या वाचकांना ते वेगळ्या कारणाने ठाऊक आहेत. १९८८ मध्ये मान्सूनचा अंदाज सोळा खुणांवरून सांगण्याची जी पद्धत आली, ती त्यांच्याच नेतृत्वाखालची. पुढे खतांवरचा ज्ञानकोशही त्यांच्या नावावर जमा आहे. रॉकेटपासून खतापर्यंत पोचलेला मराठी माणूस दुसरा आम्हाला आठवत नाही.

पण घरी असले इंधन करायचे कोणी मनात आणू नये. स्फोटकांचा कायदा १८८४ चा आहे, त्याखालचे नियम २००८ चे, आणि ते पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. परवान्याशिवाय बारूद करणे हा गुन्हा आहे, मग ती छत्री उघडायला हवी असलेली चमचाभर का असेना. कुशीनगरला विद्यार्थ्यांची उड्डाणे इस्रो आणि इन-स्पेसच्या नजरेखाली झाली, ती याचसाठी. शिवाय १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर प्रवासी विमान उतरू लागले. हजार मीटरवर रॉकेट न्यायचे तर जिल्हाधिकारी, पोलीस ठाणे आणि विमानतळ यांचे लेखी कागद हातात हवेत. "कॉलेजच्या सरांनी सांगितलं" एवढ्यावर कास्तकाराने वावर देऊ नये. उद्या काही झाले तर सातबारा त्याच्या नावाचा आहे.

भरपाईचे आधी ठरवावे. छत्री कोणाच्या पिकात उतरली तर किती माणसे आत शिरतील? एकच, आणि तीही मालकाला विचारून. दहा पोरे धावत शिरली तर रॉकेटपेक्षा त्यांचे पाय जास्त नुकसान करतात. आणि वावर सोडताना जळालेले कापड, तारांचे तुकडे, नायलॉनच्या खिळ्या वेचून न्यायच्या. ढोर चरताना काय गिळेल सांगता येत नाही. ज्या वलगावात पेढीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला, तिथे पाहुण्याने कचरा टाकून जाणे शोभत नाही.

रुळावर उभे केल्यावर

शेवटचा क्रम ठरलेला आहे आणि त्यात अदलाबदल नाही. रॉकेट रुळावर चढवून उभे करायचे. मग यंत्रे चालू करायची, त्याआधी नाही. आडव्या रॉकेटमध्ये जागे यंत्र म्हणजे खटका ओढलेली बंदूक. यंत्र टिकटिक करून सांगते की दोन्ही तारा जोडलेल्या आहेत. ती टिकटिक मोजायची, दुसऱ्यालाही मोजायला लावायची. एक टिक कमी आली तर रॉकेट खाली उतरवायचे, मग पाहुणे म्हणून कोणीही आलेले असो. मोटरची काडी सगळ्यांत शेवटी घालायची. तिथून निदान शंभर फूट, आणि मोटर मोठी असली तर त्याच्या दुप्पट-तिप्पट मागे यायचे. रूळ उभ्यापासून वीस अंशांपेक्षा जास्त कलता नाही. पाच ते एक मोठ्याने मोजायचे, म्हणजे बांधावरची माणसेही वर पाहतील. पेटले नाही तर चावी काढून मिनिटभर जागेवरच थांबायचे. विझलेल्या फटाक्याजवळ वाकून पाहणारे पोर आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे.

आणि गावातल्या लेकरांना एक गोष्ट सांगून ठेवावी. रॉकेट उतरलेले पाहिले तर तिथे जाऊन उभे राहावे, ढोरांना दूर ठेवावे, मोठ्याने हाक मारावी, पण हात लावू नये. दोनपैकी एक बारूद आत न पेटता राहिलेली असू शकते आणि यंत्र अजून जागे असते. उडवणारा येऊन आधी यंत्र बंद करील, मग छत्री गोळा करील. तोवर ते यंत्र आपण किती उंच गेलो होतो तो आकडा टिकटिक करून सांगत असते. तो ऐकायला कोणाचीच मनाई नाही.